बयाबाईची रिकामी बाटली

बयाबाईची बोटं आखडली आणि मांडवेवाडीतल्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायची संधी मिळाली.

किराणावाला म्हणाला, युरिक ॲसिड वाढलंय, टोमॅटो बंद करा. शेजारीण म्हणाली, वात हाय, वांगं बंद करा. दूध संस्थेचा सचिव बाळासो म्हणाला, काही बंद करू नका, कॅल्शियम चालू करा. गल्लीतल्या गुंडू पैलवानानं तर तिचे हात धरून तेलानं असे काही रगडले की बाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणीतरी मधमाशी चावून घ्यायला सांगितली. तीही चावून झाली. मधमाशी मेली, बोटं होती तशीच राहिली. नवरा आकाराम एकटाच ठाम होता. गगनबावड्याच्या पावसात जन्मभर भिजून हिच्या बोटांत पाणी शिरलंय, उन्हाळ्यात आपोआप सुकंल, असं तो तंबाखू मळत सांगायचा. तीन उन्हाळे गेले. पाणी काही सुकलं नाही आणि आकारामचं मतही बदललं नाही.

बोटं मात्र आल्याच्या गड्ड्यासारखी झाली. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही, चहाची कपबशी दोन्ही पंजांत धरावी लागायची, आणि पाखरीची धार काढायची म्हणजे तर देवाचं नाव घ्यायची वेळ. पाखरी म्हणजे बयाबाईची म्हैस. ही म्हैस एका हाताची होती. बयाबाईच्या हाताशिवाय कुणालाही पान्हा सोडायची नाही. आकारामला तिनं दोनदा उडवला होता, आणि धार काढायचं यंत्र आणलं तेव्हा ते यंत्र गोठ्याबाहेर गेलं आणि यंत्र आणणारा उकिरड्यात गेला. शेवटी नीट धार निघेना म्हणून पाखरी लवकरच आटली. पोटात रेडकू होतं, एवढाच दिलासा.

पोरगा धैर्यशील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. वागायलाही तसाच, सगळं हिशेबी आणि मुदतीत.

"आई, मी सरळ सांगतो," तो म्हणाला. "म्हस व्यायच्या आत तुझी बोटं चालली तर म्हस ऱ्हाईल. न्हाय चालली तर दुसऱ्याच्या दावणीला जाईल. पान्हा तटला तर तिचंच हाल हुत्यात."

पोरगं खरं बोलत होतं. खऱ्यावर चिडता येत नाही, म्हणून ती आकारामवर चिडली.

धैर्यशीलनंच तिला कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर घोरपडे सांध्यांचेच डॉक्टर. त्यांनी टोमॅटोबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच बयाबाईचा त्यांच्यावर अर्धा विश्वास बसला. रक्त काढलं. मग बोटांवर गार गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं.

"डाक्टर," बयाबाई म्हणाली, "आमच्या पाखरीचं बी असंच मशीन लावून बगितलंतं. तिच्या पोटात रेडकू निघालं. माझ्या बोटात काय निघालं?"

"सूज निघाली," डॉक्टर हसले. "सांध्याच्या आतल्या अस्तराला. मावशी, आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते. ती फौज तुमच्या अंगात आपल्याच सांध्यांवर उठली आहे."

"म्हंजे भाऊबंदकी!"

डॉक्टर थांबले. हा रोग समजावून सांगायला त्यांनी भिंतीवर रंगीत तक्ता लावला होता, त्यात लाल-निळे बाण होते. त्यांनी एकदा त्या तक्त्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हो. भाऊबंदकीच."

"मग ती औषदानं मिटत न्हाय डाक्टर. आमचा बांधाचा दावा चाळीस वर्सं चाललाय."

पण मिटवायचा प्रयत्न चालू होता. नेहमीचं औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला द्यायची एक नवी गोळी आली होती आणि दवाखान्यात तिचं संशोधन चाललं होतं. सहा महिन्यांचं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना नुसती औषध नसलेली, दिसायला हुबेहूब तशीच. कुणाला कुठली, हे पेशंटला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. सहा महिने जो नीट पूर्ण करेल त्याला पुढं वर्षभर खरी गोळी मिळणार.

"तुमालाबी ठावं न्हाय?" बयाबाईनं डोळे बारीक केले.

"नाही."

"आन तरी फी घेताय?"

"यात फी नाही, मावशी."

"मग ऱ्हाऊ द्या तुमी आंधळं. माझं काय न्हाय."

कागद वाचून दाखवायला आणि अंगठा नव्हे, सही घ्यायला (बयाबाई सातवी शिकलेली होती आणि हे ती सगळ्यांना सांगायची) एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, काळा चष्मा डोक्यावर, हातात फाइल. नाव संघप्रिया. पेशंटची सगळी नोंद ठेवायचं काम तिचं. तिनं बयाबाईचे हात हातात घेतले आणि एकेक सांधा दाबत विचारायला लागली, "दुखतंय?" मनगटं, बोटांची पेरं, कोपर, खांदे, गुडघे, सगळे मिळून अठ्ठावीस सांधे. अठ्ठावीस वेळा विचारणं.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"पैल्या च्यापासनं शेणघाण काढून हुईस्तवर."

"म्हणजे मिनिटं किती?"

"शेण किती हाय त्यावर हाय की."

संघप्रियानं न हसता नव्वद मिनिटं लिहिलं. मग गाव विचारलं, आणि मांडवेवाडी म्हटल्यावर तिची मान वर झाली. "माझं आजोळ हाय ते."

झालं! आपल्याकडं आजोळ निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "व्हय? कुणाच्यातली तू?"

"धोंडुबाईची नात. खालच्या गल्लीतली."

बयाबाईचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. "आस्सं व्हय," ती म्हणाली, आणि लगेच टेबलावरच्या गोळ्यांच्या बाटलीकडं बघायला लागली, जणू बाटलीत काही फार मोठं चाललं होतं. धोंडुबाई. खालची गल्ली. बौद्धांची. संघप्रियानं ती बाटली उचलून हातात घेतली. ती बाटलीबद्दल सांगत होती. साठ गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, महिन्यानं बाटली परत आणायची, हरवायची नाही.

त्या बाटलीचं झाकण हा एक वेगळाच विनोद होता. दाबायचं आणि दाबता दाबता फिरवायचं. ज्याची बोटं वळत नाहीत त्याच्यासाठी औषध, आणि ते ठेवलंय अशा बाटलीत की जी उघडायला पैलवान लागावा. पैलवान खरंच लागला. पहिले तीन दिवस गुंडूला हाक मारून बाटली उघडली. चौथ्या दिवशी आकारामनं पक्कड लावून झाकणाची अक्कल ठिकाणावर आणली, ती कायमची.

बयाबाईनं महिनाभर गोळ्या इमानानं घेतल्या. साठच्या साठ. आणि परत जायच्या आदल्या दिवशी तिच्यापुढं अडचण उभी राहिली. बाटली रिकामी होती.

आता ज्याला आपल्याकडची रीत माहीत आहे त्याला हे सांगायला नको. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, चीक दिला, पुरणाची पोळी दिली, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. चिमूटभर साखर घाल, मूठभर शेंगदाणे घाल, काही नसेल तर दोन मिरच्या घाल. रिकामं भांडं परत करणं म्हणजे समोरच्याच्या दारात जाऊन 'तुझं घर असंच रिकामं होवो' म्हणण्यासारखं. बयाबाईनं जन्मात कुणाला रिकामं भांडं दिलं नव्हतं. चाळीस वर्षं दावा चाललेल्या दिरालासुद्धा तिनं त्याची कळशी परत देताना आत गुळाचा खडा टाकला होता. वर शिवीही दिली होती, पण खडा टाकला होता.

म्हणून तिनं बाटलीत भाजलेले शेंगदाणे भरले.

संघप्रियानं गोळ्या मोजायला बाटली ट्रेमध्ये उपडी केली आणि ट्रेमध्ये शेंगदाणे नाचले. तिला वाटलं पेशंटनं भेट आणलीय. "मावशी, आम्हाला पेशंटकडनं काहीही घ्यायची बंदी हाय. चहासुद्धा न्हाय. आणि ह्या बाटलीत गोळ्यांशिवाय दुसरं काही घालायचं न्हाय. यात आम्ही फक्त गोळ्या मोजतो."

"गोळ्याच?"

"गोळ्याच."

बयाबाई समजली. म्हणजे तिला वाटलं, समजली. गोळ्याच घालायच्या तर गोळ्या. पण दोन-तीन घालून कसं चालेल? दोन गोळ्या म्हणजे भिकाऱ्याला टाकल्यासारखं. मूठभर तरी दिसाय पाहिजेत. मग तिनं कधी संध्याकाळची गोळी बाजूला काढली, कधी सकाळची, आणि महिन्याच्या शेवटी चांगल्या चौदा गोळ्या बाटलीत घालून मानानं नेऊन दिल्या.

"चौदा उरल्या?" संघप्रियाच्या कपाळाला आठी पडली. "गोळ्या चुकल्या का, मावशी?"

"एक बी चुकल्याली न्हाय," बयाबाई छातीठोक म्हणाली. खोटं काय होतं त्यात? चुकणं वेगळं आणि जाणूनबुजून मागं ठेवणं वेगळं.

संघप्रियानं लिहून घेतलं आणि पुन्हा बजावलं की एकही चुकवू नका. बयाबाई मनातून जरा दुखावली. तिला वाटलं चौदा कमी पडल्या असाव्यात. पुढच्या महिन्यात तिनं सोळा ठेवल्या.

इकडं बोटं अर्ध्यावर आली होती. पहिल्या महिन्यात मूठ जवळजवळ वळायला लागली होती, ती पुढच्या दोन महिन्यांत तिथंच अडली. अंगठा तर पुन्हा रुसला. पाखरीचं पोट मात्र कुणासाठी अडलं नव्हतं, ते दिसामाशी वाढत होतं. धैर्यशील येता-जाता पोटाकडं बघायचा आणि मग आईच्या हाताकडं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला दवाखान्यात एक नवा माणूस बसला होता. हैदराबादहून आलेला. कागद तपासायला येतो त्याला मॉनिटर म्हणतात. बयाबाईच्या वेळेला शाळेत मॉनिटर असायचा तो वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. हाही तसलाच निघाला. संघप्रियानं बाटली उपडी केली, सोळा मोजल्या, आणि त्यानं लॅपटॉपवर काहीतरी बडवून डॉक्टरांना हिंदीत सांगितलं की अम्माजी दो महीने से दवा छोड़ रही हैं, सौ में अस्सी चाहिए, पचहत्तर है, निकालना पड़ेगा.

'निकालना' एवढं बयाबाईला कळलं. "काय निकालना? कुणाला?"

संघप्रिया हळू म्हणाली, "तुम्हाला ह्यातनं काढावं लागंल म्हणतायत, मावशी. दोन महिन्यांत तीस गोळ्या खाल्ल्या न्हाईत तुम्ही."

"आगं मग खाते की! आत्ता खाते!" असं म्हणून बयाबाईनं ट्रे उचलला आणि सोळाच्या सोळा गोळ्या तळहातावर घेतल्या.

डॉक्टर ओरडले. मॉनिटर उठून उभा राहिला. पण बयाबाईची मूठच वळत नव्हती. गोळ्या बोटांच्या फटींतून निसटल्या आणि फरशीवर चौफेर पळाल्या. एक डॉक्टरांच्या बुटाखाली, दोन कपाटामागं, बाकीच्या टेबलाखाली. संशोधनाची एकही गोळी हरवून चालत नाही, म्हणून पुढची पाच मिनिटं डॉक्टर घोरपडे, त्यांची पदवी आणि हैदराबादचा मॉनिटर गुडघ्यांवर रांगत होते. मॉनिटर टेबलाखालून मोजत होता, "तेरह... चौदह..." आणि बयाबाई खुर्चीवर बसून रडत होती आणि रडता रडता भांडत होती.

"आरं बाबांनो, रिकामी बाटली कशी द्यायची मानसानं? शेंगदाणं घातलं तर नगो म्हणलासा. गोळ्याच घाला म्हणलासा. मग गोळ्या घातल्या. चौदा घातल्या तर आठ्या घातलासा, सोळा घातल्या तर हाकलून देतायसा. किती घालायच्या त्ये तरी सांगा की एकदा!"

टेबलाखालचं मोजणं थांबलं.

पहिल्यांदा डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या गुडघ्याला धूळ लागली होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की जणू कुणीतरी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता सांगितलाय. "च्यायला," ते म्हणाले. "माझी आईसुद्धा साखर घालून देते."

मॉनिटरला हिंदीत सांगितलं. तो टेबलाखाली तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "हमारे घर में भी." मग सोळावी गोळी सापडली.

म्हणजे बघा, त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरात ही रीत नव्हती. आणि दोनशे पानांचा नियमांचा गठ्ठा, त्यात गोळी कुठल्या तापमानाला ठेवायची ते होतं, पण भांडं रिकामं देत नाहीत हे कुणालाच आठवलं नव्हतं. शिकलेल्या माणसाची अक्कल दारात चपलेबरोबर राहते ती अशी.

"मग लिव की पोरी, गिळल्या म्हणून," बयाबाई संघप्रियाला म्हणाली. "तुज्या लेखणीला काय जड हाय?"

"न्हाय, मावशी. खोटं लिहिलं तर उद्या ही गोळी दुसऱ्या कुणाच्या बोटांसाठी देतील, आणि कुणाला कळणारच न्हाय ती चालती का न्हाय. खरं कारण लिहिते." आणि तिनं 'कारण' या रकान्यात खरं कारण लिहिलं. ते इंग्रजीत कसं लिहायचं यावर तिघांची दहा मिनिटं गेली. मॉनिटरनं हैदराबादला फोन केला, मग आणखी कुठंतरी केला, आणि शेवटी निरोप आला की एक महिना संधी द्या. पुढच्या वेळी बाटली पूर्ण रिकामी आली पाहिजे. एक गोळी जरी आत निघाली तरी नाव कमी.

डॉक्टर आणि मॉनिटर चहाला गेले. बयाबाईनं पदरानं नाक पुसलं. संघप्रिया नवी बाटली नोंदवत होती.

"आमच्यात बी हीच रीत हाय, मावशी," ती मान वर न करता म्हणाली. "मला पहिल्या शेंगदाण्यांनाच कळाय पाहिजे होतं."

"तुमच्यात बी?" बयाबाईच्या तोंडून गेलं.

आता संघप्रियानं मान वर केली. "व्हय. खालच्या गल्लीत घरोघरी हाय. फक्त तुमच्या गल्लीतनं आमच्याकडं भांडं येत न्हवतं. मग परत करायचा प्रश्नच न्हाय. आजी सांगती, ताकाला गेलं की उंबऱ्याभाईर थांबायचं, आपलं भांडं खाली धरायचं, आणि वरनं वतायच्या. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. निम्मं ताक पायावर."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. रागाला बयाबाईकडं शंभर उत्तरं होती. पण ती गोळ्या मोजल्यासारखं बोलली, आणि बयाबाईला सगळं दिसलं. कारण वरून ओतणारी सासू एकटी नव्हती. पाटलांची नवी सून बयाबाईही होती. अठरा वर्षांची, हिरव्या चुड्याची. सासूनं शिकवलं होतं, हात उंच धर. आणि तिनं उंच धरला होता. तेव्हा बोटं चांगली चालत होती. धोंडुबाईच्या पायावर ताक सांडलं होतं आणि धोंडुबाई म्हणाली होती, असू द्या वैनी.

बयाबाईला लाज वाटली. ती बाटली घेऊन उठली आणि दारापर्यंत जाऊन परत आली, काहीतरी बोलायला. पण "येते" एवढंच म्हणून गेली.

तो महिना तिनं कसा काढला ते पाखरीला विचारा. गोळी चुकवायची नव्हती, ते सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. जगातल्या सगळ्या माणसांना रिकामं भांडं देता आलं असतं, अगदी दिराला, अगदी त्या मॉनिटरला. पण नेमकं धोंडुबाईच्या नातीच्या हातात? चाळीस वर्षांनी तिच्या घरचं भांडं आपल्या हातात आलं, भरून आलं, आणि आपण ते रिकामं परत करायचं?

"आवो, एक तरी गोळी ठेवू काय आत?" तिनं आकारामला विचारलं.

आकारामनं तंबाखूची पिचकारी टाकली. "म्हस ठेवायची का रीत ठेवायची, ठरीव."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी कामाचं बोलला होता. बयाबाईनं शेवटची गोळी एसटीत, बालिंग्याच्या पुलावर, पाण्याशिवाय गिळली.

दवाखान्यात संघप्रियानं हात पुढं केला. बयाबाईनं बाटली दिली. संघप्रियानं झाकण काढलं, ट्रेवर उपडी केली, तळाला टिचकी मारली. काही पडलं नाही.

"शून्य," ती म्हणाली. "शाब्बास, मावशी."

"शाब्बास कशाची, बाय? माजं मन खातंय मला. तुजी बाटली रिकामी दिली मी." बयाबाईनं डोळे पुसले, मग टेबलाकडं बघितलं. संघप्रियाचा डबा तिथंच होता, स्टीलचा, कडीचा. रक्त द्यायला बयाबाई सकाळपासून उपाशी होती. "तुमच्या त्या नियमात पेशंटकडनं काय घ्यायचं न्हाय असं हाय, न्हवं?"

"व्हय."

"पेशंटला खायाला द्यायचं न्हाय असं लिवलंय काय?"

संघप्रियानं जरा विचार केला. दोनशे पानं तिला पाठ होती. "न्हाय लिहिलेलं."

"मग तुजा डबा दे हिकडं. भूक लागलीया."

संघप्रियानं डबा सरकवला. बयाबाईला कडी निघाली नाही, ती संघप्रियानं काढून दिली. आत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि खर्डा. बयाबाईनं सगळं खाल्लं. बोटं चाटली. खर्ड्यात मीठ कमी आहे हेही सांगितलं, कारण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मग रिकामा डबा कडी न लावताच पिशवीत घातला.

"आवो मावशी, माझा डबा!"

"तुमचं संशोधन संपल्यावर मिळंल. भांडं हाय, आसं रिकामं कसं देऊ?"

पुढचे दोन महिने एम.एस्सी. झालेली संघप्रिया श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून जेवण आणत होती. दवाखान्यात विचारलं तर म्हणायची, डबा मांडवेवाडीला गेलाय.

पाखरी मार्गशीर्षात व्याली. पहाटे, थंडीत. रेडी झाली. धैर्यशील रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो दाराशी उभा राहिला. आकाराम पाखरीच्या लाथेच्या टप्प्याबाहेर उभा राहिला. बयाबाई बसली, सडांना पाणी लावलं, थोपटलं. अंगठा अजून पुरता वळत नव्हता, करंगळी थोडी तिरकी होती. तिनं मूठ वळली. वळली. पाखरीनं एकदा मागं वळून बघितलं, श्वास सोडला, आणि चरवीत पिवळाधमक चीक वाजायला लागला.

"आजून धार बारीक हाय," बयाबाई मान वर न करता म्हणाली. "पर हाय."

धैर्यशीलनं आत जाऊन ज्याला म्हैस दाखवायला बोलावलं होतं त्याला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी शेवटची तपासणी झाली. सह्या झाल्या, बाटली रिकामी निघाली, सहा महिने पूर्ण झाल्याचा कागद डॉक्टरांनी हातात दिला.

"मग खरी गोळी हुती का खोटी?" बयाबाईनं विचारलं.

"अजून कुणालाच ठाऊक न्हाय," संघप्रिया म्हणाली. "सगळ्या गावांचे सगळे पेशंट संपले की उघडतील."

"ऱ्हाऊ दे. म्हशीला तरी कुठं ठावं हाय." मग तिनं पिशवीतून डबा काढला. "संपलं न्हवं आता तुमचं? सही झाली न्हवं? मग हे घे."

संघप्रियानं टेबलावरचे कागद सरकवून जागा केली.

"टेबलावर न्हाय. हातात."

संघप्रियानं दोन्ही हात पुढं केले. बयाबाईनं डबा त्या हातांत ठेवला, आणि स्वतःचे हात काढून घेतले नाहीत. मग स्वतःच कडी काढली, आपल्या बोटांनी, जरा खटपट करून. आत वेलदोडा घातलेला खरवस होता, काठोकाठ.

"तुज्या आजीला बी दे," ती म्हणाली. "म्हणावं, पाटलाच्या सुनंनं दिलाय. म्हणावं, हात खाली धरून दिलाय."

संघप्रियाचा अंगठा सवयीनं बयाबाईच्या बोटाच्या पेरावर गेला होता आणि तिनं सवयीनंच ते हलकं दाबलं.

"दुखतंय?"

"दुखतंय की, बाय," बयाबाई म्हणाली. "पर बोटात न्हाय."

संघप्रियानं डबा मांडीवर घेतला आणि बोटांच्या रकान्यात शून्य लिहिलं.